पडद्यापलीकडची गल्ली

तिला सगळे धाकटी मावशी म्हणत. वय बावन्न, गुडघे पासष्टीचे, आणि नाव मात्र धाकटी. चोविसाव्या वर्षी ती वृद्धाश्रमात कामाला लागली तेव्हा तिथे आधीच एक मावशी होती. ती झाली थोरली आणि ही धाकटी. थोरलीला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी धाकटीची बढती काही झाली नाही. "मी ऐंशीची होऊन इथल्याच खाटेवर पडेन ना, तेव्हाही तुम्ही विचाराल, धाकटीला गोळी दिली का," असं ती सिस्टरला म्हणायची, आणि आपल्याच विनोदावर सगळ्यात आधी आपणच हसायची. तिचं तोंड दिवसभर चालू असे. म्हाताऱ्यांना भरवताना, कूस बदलताना, नखं कापताना ती बोलतच राही. ऐकणाऱ्याला कळतंय की नाही, याची तिला फिकीर नव्हती. आवाज मात्र खणखणीत होता. जिन्यावरून हाक मारली तर फाटकापाशी ऐकू जाई.

तिची ड्यूटी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. तिथे अकरा खाटा होत्या, सहा बायकांच्या आणि पाच पुरुषांच्या. मध्ये हिरवा पडदा. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, मुलगा समोर आला तर 'आपण कोण' म्हणून विचारतात, अशांना या हॉलमध्ये ठेवत.

गाव तसं मोठं होतं आणि गावात तीन प्रकारचे लोक. टेकडीवाले सगळ्यात जुने, उजळ रंगाचे, लांब नाकाचे. मळेवाले ठेंगणे, सावळे, रुंद हाडाचे. कारखानेवाले मागाहून आलेले, निरनिराळ्या रंगांचे, पण बोलण्यावरून लगेच ओळखू येणारे. निदान गाव तरी असं मानायचं. नगरपालिकेच्या दारात 'आपल्या गावाची ओळख' म्हणून एक मोठा फलक होता. त्यावर कोण किती टक्के ते रंगीत पट्ट्यांनी दाखवलेलं होतं. तळाशी चौथी ओळ होती, तिला पट्टी नव्हती. 'पल्याडचे: एक.'

पल्याडचे म्हणजे पुलापलीकडच्या गल्लीत राहणारे. त्यांची भाषा वेगळी, डोळे घारे आणि कानाची पाळी गालाला चिकटलेली. पासष्ट वर्षांपूर्वी एका आठवड्यात ते सगळे गेले. 'गेले' हाच शब्द गावात वापरत. कुठे गेले, कसे गेले, हे कोणी विचारत नसे आणि कोणी सांगतही नसे. शाळेच्या पुस्तिकेत त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं: 'पल्याडचा समाज कालांतराने अन्यत्र गेला.' ती पुस्तिका लिहिणारे हेडमास्तर आता याच हॉलमध्ये, पडद्याच्या उजव्या बाजूला, आठ नंबरच्या खाटेवर पडून होते.

धाकटी मावशी मळेवाल्यांची लेक आणि कारखानेवाल्यांची सून. फलकावर आपल्याला कुठल्या पट्टीत धरलंय हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिनं गावातल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या होत्या. अंगावरचे कपडे उतरले की टेकडीवाला कोण आणि मळेवाला कोण, हे फलक बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं, असं तिचं मत होतं. कानामागे साबण लावताना चिकटलेल्या पाळ्या तिला पुष्कळ दिसल्या होत्या. तिनं त्यांचा कधी विचार केला नव्हता, इतकंच.

सुरुवात बेकरीवाल्या आजींपासून झाली. आजी टेकडीवाल्यांच्या. नवऱ्याची बेकरी त्यांनी नवऱ्यामागे तीस वर्षं चालवली. गेली दोन वर्षं त्या तीन नंबरच्या खाटेवर होत्या आणि सहसा बोलत नसत. एका दुपारी, अडीचच्या सुमाराला, जेवणं उरकून हॉल शांत झालेला असताना, मावशी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. आजींनी डोळे उघडले, तिचं मनगट घट्ट धरलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "रुशा. माये, रुशा. ओपल दे."

"काय हवं आजी? पाणी देऊ?"

"रुशा," आजी पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी उशीचं टोक आपल्या तोंडात कोंबलं.

मावशीनं ते हळूच काढून घेतलं. सिस्टर तिकडून म्हणाली, "बडबड आहे ती. मेंदू असाच काहीबाही बोलतो." सिस्टर दूरच्या मुलखातून नोकरीसाठी आलेली. गावात तिचं ना कोणी सोयरं ना कोणी वैरी. मावशीलाही ते पटलं. पण पुढच्या दुपारी, बरोबर त्याच वेळी, आजी पुन्हा कुजबुजल्या. आणि पडद्यापलीकडून कोणीतरी उत्तर दिलं.

तेही तसंच कुजबुजत. एक वाक्य इकडून, मग थोडा वेळ शांतता, मग एक वाक्य तिकडून. मावशीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पडदा बाजूला करून ती पलीकडे गेली. हेडमास्तर छताकडे बघत पडले होते. ओठ हलत होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांचे उच्चार सुधारले, एखाद्या अक्षरासाठी वळ उठेपर्यंत छडी मारली, तो माणूस कुठल्यातरी मऊ, घशातल्या घशात घोळणाऱ्या भाषेत बोलत होता. आवाजही त्यांचा नव्हता, दहा-बारा वर्षांच्या मुलाचा होता.

एकाची बडबड समजू शकते. पण दोन वेगवेगळ्या डोक्यांतली बडबड एकमेकींना उत्तरं कशी देईल?

त्यानंतर रोज दुपारी ती कामं लवकर आटपून स्टुलावर बसू लागली. औषधाच्या खोक्याच्या मागच्या बाजूला, जसं ऐकू येई तसं, ती शब्द लिहून घेई. आणि एका रविवारी ते खोकं पिशवीत घालून बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे गेली.

फलकावरचा 'एक' म्हणजे तोच. वय एकोणऐंशी. दुकान म्हणजे भिंतीत खोदलेलं कपाट, त्यात तो बसलेला, एका डोळ्याला भिंग. त्या आठवड्यात तो चौदा वर्षांचा होता आणि परगावी उस्तादाकडे काम शिकत होता, म्हणून वाचला. पुढे परत आला, दुकान टाकलं, आणि आपण कोण हे कधी लपवलं नाही. गावाला त्याचा एक प्रकारचा अभिमानच होता. पाहुण्यांना लोक लांबून दाखवत, 'तो बघा, शेवटचा.'

"काका, हे जरा वाचून बघता?" मावशीनं खोकं पुढे केलं.

त्यानं भिंग न काढताच वाचलं. मग भिंग काढलं आणि पुन्हा वाचलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आमच्याकडच्या एक आजी बोलतात."

"कुठल्या आहेत?"

"टेकडीवाल्यांच्या."

"शक्य नाही," तो म्हणाला. बराच वेळ तो त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला. "हे आयांचं बोलणं आहे. 'चूप. बाळा, चूप. उशी तोंडात धर.' खोकला ऐकू जाऊ नये म्हणून." त्यानं मान वर केली. घारे डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाज कोरडा होता. "नाव सांग त्यांचं."

"नाव नाही सांगणार, काका. माझ्या देखरेखीतलं माणूस आहे. त्यांनी पासष्ट वर्षं सांगितलं नाही, ते मी कसं सांगू?"

खोकं मात्र त्यानं परत दिलं नाही.

पाऊसपाणी सरून हवा थंड झाली तोवर पडद्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून पाच जण दुपारी बोलू लागले होते. बेकरीवाल्या आजी, हेडमास्तर, पाच नंबरवरची शिवणकाम करणारी अविवाहित बाई, नऊ नंबरवरचा, पाटाचं पाणी सोडणारा मळेवाल्यांचा पाटकरी, आणि एक कारखान्यातला निवृत्त फिटर. गावात असताना ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. आता रोज अडीच वाजता ती एकमेकांना हाका मारत. शब्द कळत नसले तरी मावशीला एवढं कळू लागलं की ही माणसं खाटांवर नाहीतच. ती घराघरांत आहेत. शिवणवाली सारखी डाव्या हाताला, भिंतीशी तोंड नेऊन बोलायची, जणू भिंतीपलीकडे शेजारीण आहे. फिटर वरच्या माळ्यावरून बोलल्यासारखा खाली बघून बोलायचा. आजी आणि हेडमास्तर समोरासमोर राहत असावेत. अख्खी एक गल्ली त्या हॉलमध्ये रोज तासाभरापुरती उभी राहत होती, आणि ती गल्ली कसल्यातरी भीतीनं गोठलेली होती. सगळी बोलणी कुजबुजत. मध्येच एकदम सगळे गप्प होत आणि दाराकडे बघत. दार उघडंच असे. बाहेर अंगणात उन्हात वाळत घातलेल्या चादरी, बाकी कोणी नाही. तरी मावशीही त्यांच्याबरोबर दाराकडे बघू लागली होती.

एकदा हेडमास्तर फार घाबरे झाले. घामानं थबथबले, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा, सुरावर म्हणू लागले. "इम्बुलोना, इम्बुलोना, तुशेनाव..."

मावशीला हायसं वाटलं. ही ओळ तिला येत होती! गावातलं कुठलं पोर ती म्हणत नाही? लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं तो डोळे उघडून हीच हाक देतो: लिंबूलोणा, लिंबूलोणा, तुझं नाव! तिनंही लहानपणी घसा फोडून ती म्हटली होती. अर्थ कोणाला माहीत नव्हता, खेळातल्या शब्दांना कुठे अर्थ असतो? म्हातारा बालपणात गेलाय, तर आपणही तिथे जाऊन त्याला धीर द्यावा, असं तिच्या साध्या मनात आलं. तिनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात, लाडानं, पूर्ण सुरात हाक दिली. "लिंबूलोणा, लिंबूलोणा, तुझं नाव!"

हॉलमधला आवाज चाकूनं कापावा तसा थांबला.

कुजबूज थांबली, खाटांची करकर थांबली. मग तिच्या लक्षात आलं, श्वासही थांबले होते. पाचही जणांनी श्वास रोखून धरला होता. हेडमास्तरांचे डोळे तिच्यावर खिळलेले, पण ते तिला बघत नव्हते. पाटकरी पांघरुणाखाली पूर्ण नाहीसा झाला होता. ती धावत पडद्यापलीकडे गेली. शिवणवाली भिंतीला चिकटून बसली होती. आजींनी उशीचं टोक तोंडात कोंबलं होतं, आणि ओठ निळे पडत चालले होते.

"आजी! सोडा! सिस्टर, धावा लवकर!" तिनं बळ लावून उशी ओढून काढली. आजींनी मोठ्यानं श्वास घेतला, खोकल्या, आणि मग मावशीकडे बघून, गावच्या स्वच्छ भाषेत, दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या इतकं स्पष्ट बोलल्या. "तुझा आवाज ओळखते मी."

"मी मावशी, आजी. रोज भरवते ना तुम्हाला."

"नाही," आजी म्हणाल्या. "तेव्हाचा."

संध्याकाळी घड्याळवाला दुकानाची फळी लावत होता. मावशीनं सगळं सांगितलं. ती ओळ सांगितली तेव्हा त्यानं फळी खाली ठेवली.

"ती आमची भाषा आहे," तो म्हणाला. "पण आमची माणसं ते म्हणायची नाहीत. 'बाहेर या, बाहेर या, आपलेच आहोत.' त्या आठवड्यात गल्लीत शिरलेल्यांनी एवढं एक वाक्य पाठ केलं होतं. दारं आतून बंद, माळे बंद. मग ही हाक द्यायची. ज्यांना वाटलं आपलं माणूस आलंय, त्यांनी दार उघडलं." तो पुढे म्हणाला, "उच्चार चुकीचा होता. ज्यांच्या ते लक्षात आलं, ते आतच राहिले. त्यातल्या पोरांना पुढे कोणीकोणी आपल्या घरात घेतलं असेल, आपलं नाव दिलं असेल. मला हे परगावी ऐकून माहीत. पोरं वाचली हे मात्र मला कोणी सांगितलं नाही."

बसस्टँडमागच्या मैदानात मुलं खेळत होती. त्यातल्या एकानं हाक दिली, नेहमीचीच. मावशीनं कानांवर हात ठेवले. घड्याळवाल्यानं ठेवले नाहीत. परत येऊन दुकान टाकल्यापासून तो रोज संध्याकाळी फळी लावताना ती ऐकत आला होता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. मावशीनंच बोलावलं होतं. तिला वाटलं, आपलं माणूस भेटलं की त्यांची भीती जाईल. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, केस चापून बसवले होते. अडीच वाजता गल्ली उभी राहिली, कुजबूज सुरू झाली. तो पडद्याशी येऊन उभा राहिला, क्षणभर डोळे मिटून ऐकत राहिला, आणि मग आपल्या भाषेत त्यानं हळूच काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत तरी ते ख्यालीखुशाली विचारणं होतं हे मावशीला कळलं.

सगळे गप्प झाले. हेडमास्तर कोपरावर उठून बसले. डोळ्यांत शुद्ध होती. जुना, शाळेतला आवाज परत आला होता.

"आम्हाला ती भाषा येत नाही," ते म्हणाले. "आपण चुकीच्या ठिकाणी आला आहात."

घड्याळवाला दोन पावलं मागे सरला. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. मावशीनं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात तसंच धरून ठेवलं.

"हे हेडमास्तर," तो म्हणाला, "चाळीस वर्षं माझ्या दुकानासमोरून शाळेत गेले. माझ्याकडे कधी बघितलं नाही. घड्याळ बिघडलं तर बस पकडून पुढच्या गावी जायचे. ती बेकरीवालीही तशीच. मला वाटायचं, माझ्या हातचं काम नको म्हणून. मीही मनात राग धरला." तो हसला, पण त्या हसण्याकडे बघवेना. "मला घाबरत होते ते. मी ओळखेन म्हणून. गावात एकटाच मी असा होतो, ज्याला एका शब्दावरून कळलं असतं."

"आता काय करायचं, काका? रोज त्यांचा जीव अर्धा होतो."

त्यानं पाण्याचा पेला बाकावर ठेवला. "पुरुषाचा आवाज नको. बाईनं म्हणावं. आमच्या आया म्हणायच्या ते. नोमा दे. आशे मिरू." त्यानं तिच्याकडून ते पाचपन्नास वेळा म्हणवून घेतलं, जीभ कुठे लावायची ते दाखवलं. "अर्थ सोपा आहे. झोप. मी जागी आहे."

ते लागू पडलं. दुपारी मावशी एकेका खाटेशी वाकून, आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हणू लागली, "नोमा दे. आशे मिरू." पाटकरी पांघरुणातून बाहेर आला. शिवणवालीनं भिंत सोडली. हेडमास्तर तर तिसऱ्याच दिवशी तिचा पदर मुठीत धरून झोपले आणि पुढच्या पंधरवड्यात तसेच, झोपेत, गेले.

त्यांचा मुलगा हार्डवेअरचा दुकानदार. नगरपालिकेच्या समितीवर होता, फलक त्याच्याच काळात लागला होता. सामान न्यायला आला तेव्हा तो दारातच घुटमळला.

"मावशी, शेवटी काही बोलले का बाबा?"

"शांत गेले. थोडंसं बोलले."

त्यानं मागेपुढे बघितलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "कुठल्या भाषेत?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस, उजळ रंग, लांब नाक, आणि गालाला चिकटलेली कानाची पाळी.

"पोरं बोलतात तसं बोलले," ती म्हणाली. "मला वाटतं आईशी बोलत होते."

त्यानं मान हलवली. चष्म्याची डबी आणि चपला घेऊन तो गेला. फाटकापाशी मात्र बराच वेळ उभा होता, जणू कुठे वळायचं ते आठवत नव्हतं.

एकट्या बेकरीवाल्या आजींना उतार पडेना. मावशीनं म्हटलं, "नोमा दे," की त्या टक लावून तिच्या तोंडाकडे बघत, आणि उशी दोन्ही हातांनी छातीशी धरत. "तुझा आवाज ओळखते मी," पुन्हा तेच. मावशीला रात्रंदिवस ते वाक्य सलू लागलं. त्या आठवड्यात आपण जन्मलोही नव्हतो, मग आजी कोणाचा आवाज ओळखतात?

तिचे वडील, अप्पा, मळ्यांवरचे गाडीवान, जाऊन दहा वर्षं झाली होती. मागे होते ते धाकटे चुलते, नाना, त्र्याहत्तर वर्षांचे, शाबूत डोक्याचे. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याकडे गेली. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. तीही सोलू लागली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "नाना, पल्याडचे गेले त्या आठवड्यात तुम्ही आणि अप्पा कुठे होता?"

नाना सोलत राहिले. "लहान होतो गं आम्ही. मी आठ वर्षांचा, दादा अकराचा."

"पण होता कुठे?"

"गल्लीत," नाना म्हणाले.

तिनं पुढे विचारलं नाही, तरी ते आपसूक बोलू लागले, जणू कोणीतरी विचारण्याचीच वाट बघत होते. "मोठी माणसं ओरडली तर दारं उघडत नव्हती. मग कोणीतरी म्हणालं, पोरांना पुढे करा. पोरांचा आवाज ऐकला की बायका उघडतात. आम्हा सात-आठ पोरांना ते वाक्य शिकवलं, खडीसाखर दिली. आम्हाला वाटलं खेळ आहे. खरंच वाटलं. दादाचा आवाज सगळ्यात खणखणीत होता, म्हणून त्याला सगळ्यात पुढे ठेवला." एक शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. "नंतर आम्ही तो खेळ घरी येऊन खेळलो. मग सगळीच पोरं खेळायला लागली. दादा मात्र परत कधी खेळला नाही. तुला आठवतंय का त्यानं कधी तुला मोठ्यानं हाक मारल्याचं?"

तिला आठवेना. अप्पा बैलांशीसुद्धा पुटपुटून बोलत. आवाज बसलाय त्यांचा, असं आई सांगायची.

"तुझा आवाज अगदी त्याचा आहे," नाना म्हणाले. "लहानपणी तू अंगणात ओरडलीस की तो उठून आत जायचा."

दोन दिवस मावशी कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, सिस्टरला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मला एक मदत करा. तीन नंबरच्या आजींना दुपारी दोन शब्द म्हणायचे आहेत. तुम्ही म्हणा."

"मी? मला कुठे येतंय ते?"

"मी शिकवते."

"आणि तुम्ही का नाही म्हणत? रोज तर म्हणता."

"माझा आवाज नको त्यांच्या कानावर," मावशी म्हणाली. सिस्टरनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली.

पण ते शब्द मावशीच्या तोंडून निघेनात, शिकवायला घड्याळवाल्यालाच बोलवावं लागलं. बाकावर बसून त्यानं सिस्टरला ते शब्द घोकवले. मावशीनं त्यालाही नानांचं सगळं सांगितलं, अप्पांसकट, काहीही न गाळता.

"अकरा वर्षांचा," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा होता." आणि काठी घेऊन उठला. दुसऱ्या दिवशी येईल की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. पण तो आला, आणि पुढेही येत राहिला. आत कधी आला नाही. बाकावर, दाराकडे पाठ करून बसायचा आणि आतली कुजबूज ऐकायचा. मावशीशी फारसं बोलायचा नाही. ती पाणी ठेवायची, तो प्यायचा.

सिस्टरच्या परमुलखाच्या जिभेवर ते शब्द वेडेवाकडे यायचे, पण आजींना ते चालले. पहिल्याच दुपारी त्यांनी उशीवरचे हात सैल केले. मावशी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून ऐकत होती, ओठ घट्ट मिटून. त्या दिवसानंतर हॉलमध्ये तिचा आवाज कोणी ऐकला नाही. ती भरवायची, पुसायची, कूस बदलायची, सगळं हातांनी. नवीन आलेल्या डॉक्टरांना वाटलं ती मुकी आहे, आणि कोणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मार्चच्या सुरुवातीला बेकरीवाल्या आजी गेल्या. त्या दुपारी सिस्टर रजेवर होती. आजींचा श्वास अडखळू लागला तेव्हा मावशी जवळ बसली होती. त्यांनी हात पुढे केला, तिनं तो धरला. आजी काहीतरी विचारत होत्या, त्याच मऊ भाषेत, पुन्हा पुन्हा, उत्तराची वाट बघत. उत्तर मावशीला पाठ होतं. तिनं ते ओठांवर आणलं, पण आवाज केला नाही. व्हरांड्यात जाऊन घड्याळवाल्याला दंडाला धरून उठवलं आणि आत आणलं.

तो खाटेशी वाकला. पुरुषाचा आवाज नको असं त्यानंच सांगितलं होतं, म्हणून की काय, त्यानं अगदी बारीक, थरथरत्या आवाजात ते शब्द म्हटले. आजींनी त्याच्याकडे बघितलं. या वेळी 'आम्हाला ती भाषा येत नाही' असं कोणी म्हणालं नाही. पाच नंबरवरून शिवणवालीनं काहीतरी विचारलं, पडद्यापलीकडून फिटरनं विचारलं, आणि घड्याळवाल्यानं दोघांनाही, एकेकाला, उत्तर दिलं.

मावशीनं आजींचे डोळे मिटले, हनुवटी सरळ केली, आणि कोमट पाण्याचं पातेलं आणायला गेली.